चौथा तुकडा का बसत नाही

पत्र : आमचं गाव अचलपूर तालुक्यात. घरकुल मंजूर झालं म्हणून जुनं मातीचं घर पाडायला घेतलं, तर माळ्यावर कॅनव्हासच्या पिशवीत बांबूच्या चार काड्या सापडल्या. आजोबा इंग्रजांच्या काळात जंगल खात्यात बाबू होते. साहेब सिपना नदीवर मासे धरायला जायचा आणि देश सोडताना ही गरीची काठी आजोबांना देऊन गेला, असं आजी सांगायची. काड्या गोल नाहीत, सहा कोनी आहेत. तीन काड्या ३८.५ इंचांच्या आणि एक ३६ इंचांची. तीन एकात एक बसतात, पण चौथी त्यांच्यापुढे कुठेच बसत नाही. जाड काडीला बुचाची मूठ आहे, तिच्याखाली चक्री बसवायची जागा आणि बुडाला धातूचं टोपण. टोपणावर इंग्रजीत कोरलंय, त्यातलं ‘हार्डी’ तेवढं वाचता येतं. भंगारवाला पाचशे म्हणतो. पुण्याचा भाचा नेटवर पाहून म्हणतो, मामा, लाखाच्या खाली बोलूच नका. आई म्हणते, ‘आजोबाची वस्तू हाये, काऊन इकता बाप्पा?’ आणि जवसाचं तेल घेऊन चोळायला बसली आहे. काय करावं?
ता. क. सोबत एक पितळी चक्री पण होती, ती धाकट्याने पतंगाला घेतली.
– एक वाचक, तालुका अचलपूर

भाऊ, नमस्कार.

पहिलं काम म्हणजे आईंच्या हातून ती तेलाची वाटी घ्या. जवसाचं तेल दाराच्या चौकटीला उत्तम, बैलगाडीच्या जुवाला उत्तम, या काठीला नको. ते वाळताना चिकट पापडी धरतं, तिच्यावर धूळ बसते आणि दोन पावसाळ्यांत सगळं काळवंडतं. बनवणाऱ्याने काठीवर काही लिहिलं असेल तर ते मुठीच्या लगेच वर, शाईने लिहिलेलं असतं आणि त्यावर वार्निशचा एक पातळ हात असतो. काठीचा जन्मदाखला तेवढ्या चार बोटं जागेत असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या वडिलांची अशीच काठी माझ्याकडे आली. फार मळकट होती म्हणून मी शहाणपणा करून टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. मुठीवरच्या दोन ओळी बघता बघता बोळ्यावर आल्या. ती काठी कोणी बनवली, कोणत्या जातीची होती, हे त्यानंतर कोणालाच सांगता आलं नाही. स्नेही काही बोलले नाहीत, पण पुन्हा कधी माझ्याकडे एखादी जुनी वस्तू घेऊन आले नाहीत.

तेव्हा जुन्या धोतराचं मऊ, कोरडं फडकं घ्या आणि धूळ पुसा. एवढंच करायचं. पॉलिश पेपर नको, टचवूड नको, सुटलेल्या जागी फेविक्विक तर मुळीच नको. धातूच्या जोडांना पितांबरी लावायचा मोह होईल. तो जोड केसाच्या जाडीइतक्या हिशेबाने बसवलेला असतो. घासून चकचकीत झाला की ढिला पडतो, आणि ढिल्या जोडाची काठी कोणी हातात धरत नाही.

आता चौथ्या तुकड्याचं. तो बसत नाही, कारण तो तिथे बसण्यासाठी केलेलाच नाही. तुमची काठी तीन तुकड्यांची आहे : बुडखा, मधला आणि शेंडा. चौथा हा जादाचा शेंडा. झाडात अडकून, दारात चेंगरून, मोठा मासा अचानक ओढून मोडतो तो नेहमी शेंडाच, म्हणून चांगले कारागीर एका काठीबरोबर दोन शेंडे द्यायचे. मधल्या तुकड्यावरचा शेंडा काढा आणि त्याच्या जागी हा बसवून पाहा, बसेल.

पण तो ३६ इंचांचा का? कारण तो मोडलेला आहे. अशा काठीचे सगळे तुकडे कारागीर सारख्या लांबीचे ठेवतो, पिशवीत एका रेषेत बसावेत म्हणून. टोकाकडून अडीच इंच गेले आणि टोकाची कडी, म्हणजे दोरी जिच्यातून जाते ती, कोणीतरी परत बसवली. दोन्ही शेंडे शेजारी धरून बघा. आखूड शेंड्याचं टोक जाड असेल, आणि कडीखालचा दोरा बाकीच्या दोऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाचा किंवा ओबडधोबड गुंडाळलेला असेल. दुसरा शेंडा मात्र पूर्ण आहे. ३८.५ इंच गुणिले तीन म्हणजे ११५.५ इंच. दोन जोडांत साधारण एकेक इंच आत जातो, तो वजा केला की उरतात जवळपास साडेनऊ फूट. इंग्लंडात नदीवर वापरायच्या काठ्यांची ही अगदी नेहमीची लांबी. म्हणजे मूळ लांबीची एक अख्खी काठी तुमच्या हातात आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी मला हीच वाटते, ‘हार्डी’ या इंग्रजी कारखान्याच्या नावापेक्षाही. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक आधी नाव दाखवतात. मी आधी टेप मागतो. नाव मोठं आणि शेंडा चार इंच मोडका, अशा काठ्याच जास्त येतात.

तीन काड्या जोडल्या आहेत आणि आता सुटत नसतील तर पक्कड लावू नका, पिळू तर नकाच. पिळलं की सरसाचा सांधा उघडतो. खाली बसा, काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्या, जोड बरोबर मध्ये येऊ द्या, दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या बाहेरून दोन्हीकडे धरा आणि हात तसेच ठेवून गुडघे हळूहळू फाकवा. ओढ सरळ रेषेत पडते आणि जोड ‘पक्’ असा आवाज करून सुटतो. नाहीच सुटला तर आत जाणाऱ्या नळीला बर्फाचा खडा लावून धरा, ती आकसते. हे मे महिन्यात करू नका. परतवाड्याच्या उन्हात तापलेल्या धातूशी भांडण्यात अर्थ नाही.

काडी सहा कोनी आहे हे तुम्ही बरोबर टिपलंत. त्यावरून ही ‘स्प्लिट केन’ जातीची काठी आहे हे कळतं. बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटी साठ अंशांच्या कोनात तिकोनी तासायची आणि सहा कामट्या साल बाहेर ठेवून एकमेकींना सरसाने चिकटवायच्या. बांबूचं बळ कुठे असतं हे गावातल्या बुरडाला विचारा, तो सालीवरच बोट ठेवील. आतला गर भुसभुशीत, सालीलगतचे तंतू चिवट. सहाही अंगांना साल आली की बारीक काडीतही जोर राहतो. शेंड्याचं टोक जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतं, म्हणजे त्यातली प्रत्येक कामटी मिलिमीटरभर. एवढं बारीक तासणारा हात कसा असेल याचा मी अजून विचार करतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा एक कारागीर होता, बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा. चिरलेल्या बांबूच्या काठ्या त्याने १८४० च्या दशकात करायला घेतल्या. व्हायोलिनवाल्यालाच हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

खात्री करायची असेल तर मोडक्या शेंड्याचं टोक भिंगातून पाहा. लिंबाच्या फोडींसारखे सहा त्रिकोण मध्यावर मिळालेले दिसतील. दुसरी खूण गाठींची. अख्ख्या बांबूची गाठ चहूबाजूंनी फिरते. इथे एका अंगावर गाठीचा डाग दिसला तर शेजारच्या अंगावर तो वर किंवा खाली सरकलेला असतो, कारण सगळ्या गाठी एका जागी आल्या तर काठी तिथेच मोडेल.

इथे थोडं विषयांतर करतो, विदर्भातल्या माणसाला हे ठाऊक असावं म्हणून. या काठ्यांच्या पहिल्या पिढ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जायचा. कलकत्ता बंदरातून जहाजावर चढायचा म्हणून त्याचं नाव पडलं ‘कलकत्ता केन’. जाणकार त्याला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस मानतात, म्हणजे आपला मानवेल, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत ज्याच्या लाठ्या आणि तट्टे होतात तोच. त्याच्यावर जागोजाग जळल्याचे तपकिरी डाग असत. गिऱ्हाइकाला पुढे पुढे तीच अस्सलपणाची खूण वाटू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कारखानदार चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या बांबूकडे वळले. तो सरळ, त्याच्या गाठी लांब लांब, त्याला डाग नाहीत. व्यापाऱ्यांनी त्याला ‘टोंकिन’ म्हटलं, खरं टोंकिन व्हिएतनाममध्ये असूनही. १९३१ मध्ये मॅक्लूर या अमेरिकी वनस्पतीतज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि त्यात ‘अमाबिलिस’ हा शब्द घातला, म्हणजे लोभस. आपल्या मानवेलाच्या वाट्याला असा शब्द कोणी आणला नाही.

तुमच्या काठीवर तसे डाग आहेत का पाहा. असले तर ती जुन्या पिढीतली असू शकते. नुसत्या डागांवर मात्र जाऊ नका, टोंकिनलाही आगीवर धरून डाग पाडत असत. त्याच्या जोडीला दोरा बघा. कड्या बांधायला रेशमी दोरा लागतोच, पण कड्यांच्या मध्येही दर इंचा-दोन इंचांवर बारीक पट्टे असतील तर काठी जुनी असण्याकडे झुकते, कारण तेव्हाच्या सरसावर कारागिराचा पूर्ण भरवसा नव्हता. चिकटवायची द्रव्यं सुधारली तसे हे मधले पट्टे विरळ होत गेले.

घरातल्या जुन्या स्पीकरचं चुंबकही कामाला येतं. जोडावर धरा. पितळ आणि जर्मन सिल्व्हर चुंबकाला चिकटत नाहीत, मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते हे तुम्हाला ताट-वाट्यांवरून माहीत असेलच. चांगल्या काठीचे जोड बहुधा त्याचे किंवा पितळेचे असतात. मग चुंबक खुद्द बांबूवरून फिरवा. मधून ओढ लागली तर आत पोलादाचा गाभा आहे. हार्डीने तशाही काठ्या बनवल्या, त्या जड असतात.

हे सदर वाचून आणखी माळे धुंडाळले जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून इतरांसाठीही चार शब्द. काठी गोल, गडद तपकिरी, जड आणि कुठे गाठीच नाहीत, तर ती दक्षिण अमेरिकेतल्या ग्रीनहार्ट लाकडाची. जुनी असते, देखणी असते, किंमत थोडी. लाकडी पेटीत चार-पाच तुकडे, सोबत गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी आणि झाकणाच्या आत रंगीत चित्र, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपानी संच. त्यावर ‘ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर काळ १९४५ ते १९५२. पेटी पाहून माणूस भुलतो, पण हे संच ढिगांनी निघाले आणि संग्राहक त्यांच्याकडे बघत नाहीत. त्यातली काठी पोरांना द्या. ‘ऑलकॉक’ किंवा ‘मिलवर्ड’ आणि खाली ‘रेडिच’ असेल तर माल इंग्लंडातल्या रेडिचचा. ते सुया करणाऱ्यांचं गाव. सुई वाकवली की गळ होतो, त्यामुळे गळ आणि काठ्यांचा धंदा तिथे आपसूक वाढला. माल चांगला, भाव मध्यम.

आता तुमच्या टोपणावरचं नाव. विल्यम हार्डीने १८७२ मध्ये इंग्लंडच्या उत्तर टोकाला बंदुकांचं दुकान काढलं, लवकरच भाऊ जॉन जेम्स त्यात आला आणि बंदुका मागे पडून गळाच्या काठ्या पुढे आल्या. गावाच्या नावाचं स्पेलिंग वाचून तुम्ही ‘आल्नविक’ म्हणाल, तिथले लोक ‘ॲनिक’ म्हणतात. १८८३ च्या लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात त्यांच्या काठ्यांना मोठं बक्षीस मिळालं आणि साम्राज्यात जिथे जिथे साहेब गेला तिथे त्यांच्या काठ्या गेल्या. मेळघाटात एखादी सापडावी यात काहीच आश्चर्य नाही. त्यांच्या चिरलेल्या बांबूचं व्यापारी नाव होतं ‘पॅलाकोना’. रात्री दिवा मालवून मुठीच्या वरच्या भागावर टॉर्चचा उजेड अगदी आडवा पाडा. पुसट शाई तशी उठून दिसते. मोबाइलवर फोटो घेऊन तो काळा-पांढरा करून पाहिलात तर आणखी दिसेल. हे नाव सापडलं आणि कुठे एक अक्षर आणि त्यापुढे आकडे सापडले, तर तो कारखान्याचा अनुक्रमांक. त्यावरून काठी साधारण कोणत्या वर्षांची हे संग्राहक सांगू शकतात. आकडा टोपणावर, जोडावर किंवा बांबूवर, कुठेही असू शकतो.

मूठ वर आणि चक्रीची जागा तिच्या खाली, अगदी बुडाला, ही माशी-गळाच्या काठीची ठेवण. माशी-गळ म्हणजे पिसांची खोटी माशी करून ती जड दोरीने पाण्यावर अलगद टाकायची, गांडूळ लावून वाट बघत बसायचं नाही. आपल्याकडचा धीवर हे पाहून हसला असेल. साहेबाला त्याची पर्वा नसावी.

प्रकृती तपासताना घाई नको. एकेक तुकडा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर न्या, सुतार फळीची कड बघतो तशी. शेंड्याला थोडा बाक असेलच, वापरलेल्या काठीला येतो. मधल्या तुकड्याला बाक असेल तर मात्र ती बरीच वर्षं भिंतीला टेकून उभी होती. मग सहा सांध्यांवरून नख फिरवा. नख कुठे अडकलं, किंवा तुकडा अगदी किंचित लववल्यावर ‘टिक्’ असा आवाज आला, तर तिथे सरस सुटलाय. आपल्या हवेत हे फार होतं. मे महिन्यात माळ्यावर भट्टी आणि जुलैत ओल, यात सरस टिकला तर नशीब. शेवटी पिशवी झटका. पिवळं, पिठासारखं भुस्कट पडलं तर कीड लागली आहे. बांबूची कीड तुम्हाला मी काय सांगणार, गोठ्याच्या वाशांत तीच असते. तसं दिसलं तर ती पिशवी घरातल्या दुसऱ्या बांबूपासून लांब ठेवा. आणि एवढं सगळं होईपर्यंत काठी जोडून अंगणात फिरवून बघायची हौस आवरा. ऐंशी-नव्वद वर्षं कोरडी पडलेली काठी पहिल्याच झटक्यात जाते.

आता पैशांचं. तुमच्या भाच्याने जे पाहिले ते मागितलेले भाव. कापसाची गाडी उभी करून माणूस काय मागतो आणि संध्याकाळी पट्टीवर काय लिहून येतं, यातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. नेटवरही पट्टी बघायची सोय आहे. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ एवढ्याच दाखव असं सांगता येतं. ब्रिटनमधलं मलॉक्स आणि अमेरिकेतलं लँग्ज ही लिलावघरं मासेमारीच्या जुन्या साहित्याचे खास लिलाव करतात, त्यांचे निकाल वाचा. भाच्याला सांगा, साडेनऊ फूट, तीन तुकडे, एक शेंडा आखूड, अशाच काठीशी तुलना कर.

माझा अंदाज विचाराल तर अशी हार्डी, वापरलेली पण धड, तिकडच्या लिलावात शंभर पौंडांच्या अलीकडे-पलीकडे जाते. दहा-बारा हजार रुपये धरा. त्यातून लिलावघराची दलाली आणि लांब नळकांड्यातून पाठवणीचा खर्च वजा करा, सरस सुटलेला असेल तर आणखी उतरा. हाती येईल ते भंगारवाल्याच्या पाचशेपेक्षा बरंच जास्त आणि भाच्याच्या लाखापासून बरंच दूर. लाखांत जाणाऱ्या काठ्या असतात, नाही असं नाही. अमेरिकेतल्या लेनर्ड, पेन, गॅरिसन यांच्या हातच्या, आखूड, हलक्या, दोन्ही शेंडे पूर्ण असलेल्या. आजचा वापरणारा साडेसात-आठ फुटांची काठी शोधतो, आणि जो वापरत नाही तोही तीच शोधतो, कारण पुढे विकताना गिऱ्हाईक तिलाच. लांबी वाढली की भाव उतरतो. सामन माशासाठीच्या चौदा-सोळा फुटी काठ्या दिसायला राजेशाही, पण त्या सगळ्यात स्वस्त जातात.

किंमत वाढवणाऱ्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. कॅनव्हासची पिशवी मूळची असेल, ती धुऊ नका, फेकू नका, तिच्या आत शिवलेली कापडी चिठ्ठी आहे का पाहा. आणि साहेबाचं नाव शोधा. आजीने सांगितलेली गोष्ट खरी असेल, मला तरी ती पटते, पण विकत घेणारा गोष्टीला पैसे देत नाही, कागदाला देतो. आजोबांचे नोकरीचे कागद, बदलीचा हुकूम, एखादा फोटो, साहेबाने दिलेली चिठ्ठी, यांपैकी काही ट्रंकेत असेल तर ते काठीसोबत ठेवा. काहीच नसलं तरी आईंना आठवतं तेवढं वहीत लिहून घ्या, कोणतं साल, कोणतं गाव, साहेब कसा होता.

विकायचंच ठरलं तर कायद्याकडे लक्ष द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची काठी १९३०-४० ची निघाली तर प्रश्न नाही, पण कस्टम्सवाला अडवू शकतो, म्हणून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घेतलेला बरा. तो कसा मिळवायचा हे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळ कार्यालयात विचारा. माळ्यावर पिसांच्या माश्यांची डबी सापडली तर ती काठीबरोबर पाठवू नका. त्या माश्यांमध्ये आपल्या राखी रानकोंबड्याची पिसं सर्रास वापरत, आणि तो पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. देशातच गिऱ्हाईक बघायचं तर मुंबईत पवई तलावाकाठच्या महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनमध्ये चौकशी करा. गळाची आवड असलेली माणसं तिथे भेटतील, निदान काठी कशी धरायची हे तरी दाखवतील. सिपनेवर नेऊन स्वतः करून बघण्याचा विचार मात्र मनात आणू नका. साहेबाच्या वेळी चालत होतं. आता तो भाग व्याघ्र प्रकल्पात आहे.

मी असतो तर विकली नसती. हे माझं मत झालं, घरकुलाचा पुढचा हप्ता कधी येतो हे तुम्हाला ठाऊक. ठेवायची ठरली तर तुकडे सुटे करून पिशवीत घाला आणि नव्या घरात आतल्या भिंतीवर, पत्र्यापासून लांब, पिशवीच्या नाडीने खुंटीला सरळ लोंबती ठेवा. कोपऱ्यात टेकवून ठेवू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो.

आता तुमचा ता. क. मी तो तीनदा वाचला.

ती चक्री आजच्या आज धाकट्याकडून घ्या. जुन्या गळाच्या सामानात चक्री काठीपेक्षा महाग निघणं ही रोजची गोष्ट आहे, आणि तुम्ही भंगारवाल्याशी घासाघीस करताय ती काठीवर. हार्डीची ‘परफेक्ट’ नावाची चक्री १८९१ पासून बाजारात आली, तिच्या आत सायकलच्या हबसारखे छर्रे असतात. सगळ्यात जुन्या पूर्ण पितळेच्या होत्या. त्यांवर हातात काठी धरलेल्या पंजाचं चिन्ह कोरलेलं असे. तशी एखादी निघाली तर भाचा म्हणतो त्या आकड्याच्या आसपास पोचता येतं. पण पितळेची प्रत्येक चक्री परफेक्ट नसते. रेडिचच्या बिननावाच्या साध्या पितळी चक्र्या दोन-तीन हजारांच्या वर जात नाहीत, आणि तुमची तशीच असण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून तोंडावरचं कोरीव बघा, व्यास मोजा, फिरवल्यावर आवाज कसा येतो ऐका. उघडू नका, छर्रे सांडले तर सापडायचे नाहीत. फिरवायची मूठ पांढरी असेल तर ती बहुधा बनावट हस्तिदंताची असते, पण खरा हस्तिदंत निघाला तर चक्री विकायचा विषयच संपला, त्याचा व्यापार आपल्याकडे बंद आहे.

मांजाच्या काचेने पितळेवर चरे पडतात. धाकट्याला दुकानातली लाकडी चक्री घेऊन द्या, वर दोन पतंग जास्त द्या, आणि पितळेच्या चक्रीचे समोरून, मागून आणि कडेने असे तीन फोटो मला पाठवा. टोपणाचा एक वेगळा. त्यावर पितांबरी लावलेली नसावी.